निळ्या पट्ट्याची की लाल पट्ट्याची

दोन्ही बोटी पांढऱ्या होत्या. दोन्ही फायबरच्या, लांबीरुंदीला सारख्या, दोन्हींना मागे एकाच कंपनीचं इंजिन, दोन्हींत पुढे एक बाकडं आणि मागे एक. एकीच्या कडेने निळा पट्टा होता आणि दुसरीच्या कडेने लाल. मला विचाराल तर फरक संपला. पण मला कोणी विचारत नव्हतं, आणि माझ्या सासरच्या माणसांनी त्या दोन पट्ट्यांवरून घराचे दोन तट पाडले, तेही ऐन दिवाळीच्या तोंडावर, मी तिकडे चकल्या तळत असताना.

मी मूळची नगर शहरातली. मुळा धरणाचं पाणी आमच्या नळाला दिवसाआड यायचं, तेवढीच माझी आणि त्या पाण्याची ओळख. लग्न होऊन राहुरी तालुक्यातल्या या घरात आले तेव्हा ओसरीत उभी राहिले आणि समोर धरणाचं अख्खं पाणीच पाणी. नगरला आमची आई दोन हंड्यांसाठी पहाटे उठते, आणि इथे ही माणसं त्याच्याकडे पाठ करून चहा पितात! मला तेव्हा खरंच राग आला होता.

त्या पाण्याच्या पलीकडे सासूबाईंचं माहेर. हवा स्वच्छ असली की त्यांच्या भावाच्या घराचे पत्रे इथून चमकताना दिसतात. पण रस्त्याने जायचं तर धरणाला लांबचा वळसा घालून, दोन गाड्या बदलून, अर्धा दिवस मोडायचा. त्यात सासूबाईंना गाडी लागते. जीपमध्ये बसल्या की पहिल्या वळणाला डोळे मिटतात आणि दुसऱ्या वळणाला पिशवी मागतात. माहेरच्या दारात पिवळ्याफटक चेहऱ्याने उतरायचं, आणि भावजयीने "काय वो वन्सं, सासरी खायला घालत न्हाईत व्हय?" असं विचारायचं, हे त्यांना पटत नाही. त्यामुळे त्या जायच्या नाहीत. भाऊच यायचा.

या भावाला मी इतरांसारखीच मामा म्हणते. दर भाऊबीजेला मामा पलीकडून होडी वल्हवत यायचे. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, डोक्यावर नवी टोपी, आणि बहिणीची साडी भिजू नये म्हणून खताच्या पिशवीत गुंडाळलेली. सासूबाई सकाळपासून पाट मांडून ओसरीत बसायच्या आणि पाण्यावर ठिपका दिसला की मला म्हणायच्या, "निरांजन लाव. माझा भाऊ आलाय." कधी चुकलं नाही.

या वर्षी उन्हाळ्यात मामांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. डावा हात लोंबता, डावा पाय ओढत, आणि बोलणं असं की त्यांच्या बायकोशिवाय कोणाला कळू नये. जीपमध्ये तास-तास बसवत नाही. होडी तर मातीत पालथी पडली, ती पडलीच. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदराने डोळे पुसले, आणि पहिल्यांदाच घरातल्या पुरुषांकडे काहीतरी मागितलं. म्हणाल्या, "औंदा भाऊबीजेला मला पल्याड न्या. पाण्यानं न्या."

बोट घ्यायचं घरात तसंही घाटत होतं. आमचं एक वावर पाण्यापलीकडच्या टेकाडावर आहे, पाणी चढलं की त्याचं बेट होतं. आमची जुनी लाकडी होडी कुजून गेली होती. तेव्हा सासूबाईंच्या बोलण्याने विषय एकदाचा हलला. धरणाच्या काठाला एकाने हौशी लोकांना फिरवायला दोन मोटारबोटी आणल्या होत्या. हौशी लोक फोटो काढायचे आणि काठावरूनच परत जायचे. त्याला दोनांपैकी एक विकायची होती. कुठलीही घ्या म्हणाला, दोन्ही सारख्याच आहेत.

इथेच तो चुकला. सासऱ्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर तात्या म्हणतं, जागच्या जागी थांबले. "कुठलाबी घ्या म्हन्तोय, म्हंजी दोनीबी खोडील हायत," ते सासऱ्यांच्या कानात म्हणाले, पण तात्यांचं कानातलं बोलणं पलीकडच्या काठालाही ऐकू जातं.

आता तात्यांबद्दल सांगायला हवं. आमच्या घराण्याचा बैलांचा नाद होता. बाजारात बैल पारखायचा तर तात्यांना घेऊन जा, असा या भागात रिवाज होता. ट्रॅक्टर आला, बैल गेले, गोठ्यात आता मोटारसायकली उभ्या असतात, पण शेवटच्या जोडीचं जू अजून भिंतीला टांगलेलं आहे आणि पोळ्याला तात्या त्याला हळदकुंकू लावतात. बरीच वर्षं पारखायला काही मिळालं नव्हतं. आणि आता एकदम समोर दोन!

तात्यांनी दोन्ही बोटींना एकेक फेरी घातली. मग पाठीवरून हात फिरवला. मग वाकून इंजिनाचा पंखा बघितला, प्रत्येक पातं बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "दात जुळल्यात. लई कवळा न्हाई, म्हातारा बी न्हाई." लाल पट्टेवाल्या बोटीच्या बुडाला एक गोल चरा होता, तो त्यांनी बराच वेळ न्याहाळला. बैलाच्या अंगावर केसांचा असतो तसा भोवरा आहे, पण वाईट जागी नाही, असा निकाल दिला. बोटीला ते पहिल्या मिनिटापासून 'ह्यो' म्हणत होते.

मग सौदा. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या माणसाचा हात टॉवेलखाली घेतला आणि त्याची बोटं दाबायला लागले. बैलबाजारात भाव असाच ठरतो, चारचौघांना कळू नये म्हणून. तो बिचारा पुण्याकडचा. त्याला वाटलं, म्हातारबुवांना गहिवरून आलंय. त्यानेही दुसरा हात वर ठेवून प्रेमाने थोपटलं. तात्या हादरले. थोपटण्याचा भाव त्यांच्या उभ्या हयातीत कोणी सांगितला नव्हता.

शेवटी ठरलं असं, की बैल जसा घरी नेऊन औताला जुंपून बघतात तशा दोन्ही बोटी चार दिवस आमच्याकडे न्यायच्या, चालवून बघायच्या, एक ठेवायची, एक परत. त्या माणसाने हे का मान्य केलं हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक त्याला आपला हात सोडवून घ्यायचा होता.

चार दिवसांचे किती झाले ते विचारू नका. सासऱ्यांना निळी आवडली. सासऱ्यांना निळी आवडली म्हणून तात्यांना लाल आवडली. हे दोघे भाऊ सत्तरीचे आहेत आणि मी आल्यापासून त्यांचं एकाही गोष्टीवर एकमत झालेलं पाहिलेलं नाही. कांदा आज विकायचा की थांबायचं, भिंतीला रंग कुठला, पावसाची चिन्हं आहेत की नाहीत. एक उजवीकडे ओढणार, दुसरा डावीकडे. भांडण मात्र कधी नाही. जेवायला शेजारीशेजारी बसतात आणि एकमेकांच्या ताटातलं लोणचं घेतात.

तर तात्यांचं म्हणणं, लाल डाव्या अंगाची आहे आणि निळी उजव्या अंगाची. बैलाला जोखडाच्या एका बाजूची सवय होते, बाजू बदलली की तो बिथरतो, तसंच यांचंही. "हांडेल सोड की मंग बघ, डावीकडंच बघतोय का न्हाई त्यो!" सासरे म्हणायचे, "तुमी बसताच डाव्या अंगाला. शंभर किलोचा माणूस बसल्यावर त्यो डावीकडं बघंल न्हाई तर काय करंल?" मग वाळूची पोती भरून चाचणी. मग पोती काढून चाचणी. लालीत चार माणसं बसली त्या दिवशी वारा होता, निळीत दोन बसली त्या दिवशी नव्हता, त्यामुळे ती धरायची नाही. माझा नवरा मोबाईलवर कुठल्याकुठल्या देशांतल्या बोटींचे व्हिडिओ बघून मधेच बुडाच्या आकाराबद्दल बोलायचा. त्याच्याकडे दोन्ही तट सारखंच दुर्लक्ष करायचे. तेवढ्यापुरतं मात्र एकमत.

खरा फरक एकच होता, आणि तो मला दिसला होता. मागच्या बाकाशेजारी धरायला स्टीलची दांडी होती. निळीत ती उजव्या हाताला, लालीत डाव्या हाताला. तो माणूस म्हणाला होता की धक्क्याच्या दोन बाजूंना दोन बोटी बांधायचो, माणसं त्या त्या बाजूने चढायची, म्हणून तशा बसवल्या. मी हे जेवताना वाढता वाढता सांगितलं. तात्या हसले. "दांडीचं काय करायचंय पोरी? आमी काय म्हातारे हाय व्हय, धरून बसायला?" असं म्हणून ते उठायला लागले आणि उठताना सासऱ्यांचा खांदा धरला.

सासूबाईंना दोन्ही बोटींतून एकेक चक्कर मारून आणली. उतरल्यावर दोन्ही वेळा त्या थेट मोरीकडे गेल्या. पुरुषांनी विचारलं, कुठली बरी? त्या पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "दोनी सारख्याच हायत." पुरुषांना वाटलं बायकांना काय कळतंय. मला कळलं होतं. रात्रीच्या भाकरी थापताना त्या मला हळूच म्हणाल्या, "पाण्यावर बी लागतं गं मला. कुनाला सांगू नको, न्हाईतर न्हेयाचं ऱ्हाऊन जाईल. भावाला एकदा बघू दे मला." त्या पाठमोऱ्या होत्या आणि परातीत पीठ मळलेलं असतानाही मळतच होत्या. मला फार वाईट वाटलं, आणि बाहेर ओसरीत अजून "लालच!" "निळीच!" चाललंय हे ऐकून तर तवा उचलून बाहेर जावंसं वाटलं.

वसुबारस गेली, धनत्रयोदशी गेली, पाडवा झाला. भाऊबीजेच्या सकाळी सासूबाई नवी साडी नेसून, ताट तयार करून, पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, करंज्या, आणि वर माझा तलम रुमाल झाकलेला. बोटी दोन्ही तिथेच. निर्णय नाही.

सासरे म्हणाले, निळीत बसा. तात्या म्हणाले, एवढ्या लांबच्या पल्ल्याला लालच. सासूबाईंनी ताट दोन्ही हातांत घट्ट धरलं आणि त्या पलीकडे बघत राहिल्या. ते बघून दोघांचा वाद थांबला. मग तात्यांच्या चेहऱ्यावर एक उजेड पडला. ते गोठ्यात गेले आणि जू घेऊन आले.

मला वाटलं मस्करी आहे. पण सासऱ्यांचा चेहराही उजळला! या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच दोघांना एका गोष्टीवर माना डोलावताना पाहिलं. दोन्ही बोटी शेजारी लावल्या. जू दोन्हींच्या नाकाडांवर आडवं टाकून दाव्यांनी आवळलं, मागूनही एक दोर बांधला. डाव्या बाजूला लाल, तीवर तात्या. उजव्या बाजूला निळी, तीवर सासरे. आता एकाच वेळी, एकाच पाण्यात, एकाच वाऱ्यात कळेल कोण ओढतं ते. आणि सासूबाईंनासुद्धा भावाकडे पोचवून होईल. नवरा म्हणाला, असं जगात कोणी करत नाही. त्याला काठावरच ठेवलं.

मी आणि सासूबाई निळीत पुढच्या बाकावर, तोंड मागे इंजिनांकडे करून. नारिंगी लाइफ जॅकेटं घालणं भाग होतं. सासूबाईंनी आपलं पदराखालून घातलं, म्हणाल्या नवी साडी झाकायला नेसले नाही. सातव्या महिन्याच्या बाईसारख्या दिसत होत्या.

काठापासून निघालो तेव्हा जोडी छान चालली. मग सासऱ्यांनी जरा जोर दिला. तात्यांनी पाहिलं आणि त्याहून जरा जास्त दिला. सासऱ्यांनी त्याहून जास्त. पाण्याच्या मधोमध आल्यावर आम्ही डावीकडे वळलो. मग अजून डावीकडे. मग आमचं घर समोर आलं. मग मामांचं घर. मग परत आमचं घर, काठावर हात हलवणारा माझा नवरा, मग मामांचं घर. मळणीला खळ्यात बैल फिरावेत तसे आम्ही गोल फिरत होतो आणि जू करकरत होतं. मी दोघांना ओरडून सांगत होते, हळू करा, पण इंजिनांच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता, आणि ते दोघे फक्त एकमेकांच्या इंजिनाकडे बघत होते. मला पोहता येत नाही. नगरला पोहायला पाणीच कुठे होतं!

मी सासूबाईंकडे पाहिलं. वाटलं, आता यांना पिशवी लागणार. पण त्या ताट माझ्या मांडीवर ठेवून उभ्या राहिल्या. आणि इथे अडचण अशी, की हाक कशी मारायची? नवऱ्याचं नाव त्यांनी आयुष्यात घेतलेलं नाही. तात्या तर थोरले दीर. त्यांच्यासमोर त्या डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाहीत, सरळ बोलत नाहीत, काही सांगायचं तर भिंतीला सांगतात. पाण्यावर भिंत नव्हती. एक क्षण त्यांचं तोंड नुसतंच उघडं राहिलं. मग त्यांनी डोक्यावरचा पदर एका हाताने घट्ट धरला आणि वावराच्या दुसऱ्या टोकाला जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"ए डाव्याऽ! सरळ चल! उजव्याऽ! हळू, हळू रं!"

दोन्ही म्हाताऱ्यांचे हात जागच्या जागी थांबले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण ती बैलांना घालायची हाक होती. लहानपणी या बाई बापाच्या मोटेवर बैल हाकायच्या, हे मला नंतर समजलं. "डाव्या, जरा जोर! हां. उजव्या, तू नको पळू, तुला कुनी बोलावलंय? हां, असं. हो, हो!" आणि ती जोडी सरळ झाली. तात्या मुकाट्याने सांगितलं तेवढंच इंजिन वाढवत होते. सासरे मान खाली घालून. चाळीस-पन्नास वर्षं घरात पदराआडून जे काम त्या करत आल्या होत्या, ते त्या दिवशी पहिल्यांदा उभ्याने आणि मोठ्याने केलं, एवढंच. आणि सांगायचं म्हणजे पलीकडे पोचेपर्यंत त्यांना मळमळलंसुद्धा नाही. वेळच नव्हता.

मामांना काठावर खुर्चीत आणून बसवलेलं होतं. टोपी नवी होती. बोटी लागल्या, सासूबाई उतरल्या, आणि दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. मामांचा अर्धा चेहरा हसत होता आणि अर्धा तसाच. सासूबाई त्यांच्या त्या लोंबत्या हाताला हात लावायच्या आधी ताटच नीट करत बसल्या. मग भावजय म्हणाली, "वन्सं, रंग बाकी टवटवीत हाय हां तुमचा!" तेव्हा कुठे त्या हसल्या आणि रडल्या.

औक्षण तिथे काठावरच होणार होतं. निरांजन लावायला मी काडी काढली, तर मामांनी उजवा हात आडवा केला. काहीतरी बोलले. आम्हाला कळेना. त्यांच्या बायकोने सांगितलं, "हितं नको म्हन्त्यात. भाऊबिजंला भावानं बहिणीच्या दारात जायाचं आस्तं. तिकडंच यायचं म्हन्त्यात."

कोणी काही बोलायच्या आधी त्यांनी खुर्चीवरून उठायची धडपड सुरू केली होती. तेव्हा जू सोडलं. काठाला लाल टेकलेली होती, म्हणून त्यांना उचलून लालीच्या मागच्या बाकावर बसवलं. तात्यांची छाती फुगली. पण मामांना तोल राहीना. दांडी डाव्या हाताला, आणि डावा हात नुसता खाली. ते एका अंगावर कलंडायला लागले. उजवा हात धरायला काही शोधत हवेत फिरत होता. तसा फिरता फिरता तो शेजारच्या बोटीकडे वळला आणि निळीच्या उजव्या दांडीकडे रोखून थांबला. मामांनी एकच शब्द उच्चारला, तोही स्पष्ट.

"ह्यात."

त्यांना निळीत बसवलं. उजव्या हाताने दांडी पकडली आणि ते ताठ बसले, होडीत बसायचे तसेच. इतक्या दिवसांचा वाद तिथे मिटला. सासरे जिंकले होते, पण ते नाक शिंकरत होते. बोलले ते तात्या. "म्या पयल्या दिसापासनं सांगत हुतो," ते म्हणाले, "निळा उजव्या अंगाचा हाय." आणि रिकामी लाल घेऊन निमूट मागून निघाले.

परतताना सासूबाई भावाच्या डाव्या बाजूला बसल्या. तो लोंबता हात उचलून त्यांनी आपल्या मांडीवर घेतला होता. आता हाकायचं काम नव्हतं, त्यामुळे अर्ध्या वाटेत व्हायचं ते झालंच. त्यांनी हात न सोडता बोटीच्या कडेवरून मान बाहेर काढली. मामा आधी घाबरले. मग त्यांना आठवलं असावं, लहानपणी बैलगाडीतही हिचं असंच व्हायचं, कारण ते अर्ध्या तोंडाने खो-खो हसायला लागले. सासूबाई ओल्या तोंडाने वळल्या, "हस, हस मेल्या!" म्हणाल्या, आणि त्याही हसायला लागल्या.

घरी पोचल्यावर त्यांनी मोरीत जाऊन तोंड धुतलं, केसांवरून हात फिरवला, ओसरीत पाट मांडला, आणि मला हाक मारली.

"निरांजन लाव. माझा भाऊ आलाय."